साहेबांच्या दाराबाहेरची खुंटी

मी खुंटी. पलटणीच्या कचेरीत, मोठ्या साहेबांच्या दाराच्या डाव्या हाताला, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर मला ठोकलंय. आजवर सगळ्यांनी माझ्यावर नुसतं अडकवलं, मला कुणी काही विचारलं नाही. आज मी बोलतेय. दमलेय, म्हणून हळू बोलेन. पण गोड बोलायचं वय आता गेलं.

आधी माझं काम सांगते. साहेबांसमोर दोन प्रकारची माणसं जातात. एक विनंतीवाली. रजा हवी, बदली हवी, लग्न करायचंय. ती टोपी घालून, पट्टा कसून आत जातात आणि सॅल्यूट ठोकतात. दुसरी गुन्ह्यातली. त्यांची टोपी आणि कमरेचा पट्टा दाराबाहेरच उतरवून माझ्यावर अडकवतात, आणि ती उघड्या डोक्याने आत जातात. त्यांना सॅल्यूट करायचाही हक्क नाही. का, तर म्हणे एके काळी कुणीतरी पट्टा काढून साहेबांच्या तोंडावर मारला होता. खरं-खोटं तो साहेब जाणे. मला विचाराल तर कारण साधं आहे. माणसाला आधीच अर्धा उतरवून ठेवला की त्याचं ऐकून घ्यायची फारशी गरज उरत नाही.

माझा जन्म मात्र कचेरीतला नाही. मी खाटेचा पाय होते, जोडप्यांच्या क्वार्टरमधल्या खाटेचा. त्या खाटेचं आडवं लाकूड मोडलं, क्वार्टर सोडताना नवरा-बायकोवर त्याचा ठपका बसला, आणि उरलेलं लाकूड पलटणीच्या सुताराकडे आलं. त्यानं मला कापलं, कातलं, टोकाला गोल बोंड केलं. ठोकताना हसत म्हणाला, "जन्म नवरा-बायकोच्या खाली, नोकरी साहेबांच्या दारात. तुझ्याइतका कायदा वकिलालाही कळायचा नाही."

थट्टाच होती ती. पण मला वाटलं होतं, चोर येतील, दारुडे येतील, पळपुटे येतील. आलेही. आणि त्यांच्यामागून आल्या संसाराच्या टोप्या. तपासणीच्या दिवशी बायकोनं क्वार्टरची खिडकी पुसली नव्हती म्हणून एकाची टोपी आली. बायकोचं आणि शेजारणीचं नळावर भांडण झालं म्हणून एकाची आली. बायकोला न सांगता गावात आणून खोली घेऊन ठेवली म्हणून एकाची. म्हणजे पलटणीला न सांगता. बायकोला माहीत होतं.

एकदा कायदा कामालाही आला, नाही म्हणणार नाही. दोन गावांत दोन बायका ठेवणाऱ्या एका नाइकाची टोपी माझ्यावर आली आणि त्याच्या पगारातून पहिलीच्या पोरांना पैसे जायला लागले. त्या दिवशी मला वजन वाटलं नाही.

पण त्यानंतरचा कॅप्टन आठवतो. त्याच्यावर आरोप होता, 'बंधू-अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरणे'. हो, असंच लिहिलेलं असतं. जशी ती बाई म्हणजे मेसमधला चांदीचा चमचा. ती चोरीला गेली की आपल्या पायांनी चालत गेली, हे तिला कुणी विचारलं नाही. तिला बोलावलंच नव्हतं. आणि कॅप्टनची टोपीही माझ्यावर आली नाही. साहेब लोकांच्या टोप्या आत टेबलावर ठेवतात. चहा झाला, राजीनामा झाला, हस्तांदोलन झालं. माझ्यासारख्या खुंट्या शिपायांसाठी असतात.

आता ड्रायव्हरचं सांगते. त्याच्यासाठीच तोंड उघडलंय.

तो रुग्णवाहिका चालवायचा. गालावर अजून नीट दाढी न आलेला पोरगा, पण गाडी अशी हाकायचा की मागे पडलेल्याचं हाड हलू नये. त्याची ती टेलिफोनच्या खोलीत बसायची, तीही वर्दीतलीच. सगळी छावणी तिच्या कानातून बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं हॅलो. कुठे अपघात झाला की हॅलो ड्रायव्हरला कळवायची. लोकांचं फुलं देऊन जमतं, यांचं दुसऱ्यांची हाडं मोडून जमलं.

नियम असा की पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय शिपायाला लग्नाची परवानगी नाही. साहेबांनी मनात आणलं तर अट सैल करता येते. ड्रायव्हर तेविशीचा. हॅलो त्याच्याहून थोरली. आणि वर्दीतल्या बाईनं परवानगीशिवाय लग्न केलं तर तिचं नाव थेट कमी, म्हणजे नोकरीच गेली. तेवढ्यात हॅलोची बदली आली, डोंगरातल्या कुठल्याशा ठाण्यावर. नवरा-बायकोला एका ठिकाणी ठेवतात, पण ते पलटणीनं मानलेले हवेत. या दोघांनी काय केलं, तर सुट्टीच्या दुपारी शहरातल्या नोंदणी कचेरीत जाऊन लग्न करून टाकलं. म्हटलं, आधी करू, मग सांगू, काय करतील? तरुण माणसं असाच विचार करतात. मला त्यात वावगं दिसत नाही. वावगं दिसलं ते पुढे.

विनंतीच्या दिवशी ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी घातलेली, पट्टा चकचकीत. दारावर हवालदार-मेजर होता. त्याचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला जायचा म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणायचे. भोंग्यानं विचारलं, "काय विनंती?"

"लग्नाची, मेजर."

"करायचंय, की केलंय?"

ड्रायव्हरनं पट्ट्याचं बक्कल चाचपलं.

भोंग्यानं इकडे-तिकडे पाहिलं. भोंग्याला हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "हे बघ लेका. 'करायचंय' म्हणालास तर ती विनंती. 'केलंय' म्हणालास तर तो गुन्हा, आणि तुझी टोपी इथे टांगावी लागेल मला. आत जा, म्हण करायचंय, बदलीचं सांग. साहेब आज बऱ्या लहरीत आहेत. परवानगी देतील. मग महिन्यानं येऊन सांग, केलं म्हणून. पेढे माझ्याकडे पोचव."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कुठे? परत कर की लग्न. एकदा स्वतःसाठी, एकदा सरकारसाठी. माझी बायको तर म्हणते, माझ्याशी एकदाही करायला नको होतं."

ड्रायव्हर हसला. मान हलवली. टोपी सारखी केली.

मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते. कारण भोंगा नुकताच कवायतीवरून आला होता, त्याला ठाऊक नव्हतं की आत साहेबांसमोर चहाचा कप घेऊन कोण बसलंय. ड्रायव्हरचा बाप बसला होता.

बाप याच पलटणीतला निवृत्त हवालदार. मिशा अजून ताठ, बूट अजून चकाकते. पोरानं बापापासून लपवलं नव्हतं. फोनवर सांगितलं होतं. बापानं नुसता फोन ठेवला. सकाळची गाडी पकडून सरळ इथे आला. ड्रायव्हर यायच्या आधीपासून दार किलकिलं होतं, मी सगळं ऐकत होते.

"साहेब, तुम्ही पलटणीचे मायबाप," बाप म्हणत होता. "पोरानं आम्हाला न विचारता लग्न केलंय. तुमच्याच टेलिफोनमधली आहे मुलगी. थोरली आहे त्याच्यापेक्षा. माझं तो ऐकत नाही. तुम्ही जरा कान पिळा."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हवालदार, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का, साहेब?"

"आता मला कळलंय."

बापाला हे समजलंच नाही. त्याच्या डोक्यात साहेब म्हणजे घरातला थोरला. आपण तक्रार करायची, त्यानं डोळे वटारायचे, पोरानं पाया पडायचं, सगळ्यांनी जेवायचं. साहेबांच्या कानावर पडलं की ते घरातलं राहत नाही, कलमात जातं, हे इतकी वर्षं वर्दी घालूनही त्याला कळलं नव्हतं. आणि थोरांची एक खोड मी कायम पाहिलीय. स्वतः आयुष्य वाकून काढलेलं असतं, मग पोराची पाठ सरळ दिसली की यांच्याच पाठीत कळ येते. त्याला शिस्त म्हणतात.

ड्रायव्हरनं उंबऱ्यावर पाय ठेवला. तोंड उघडलं. आतून साहेब म्हणाले, "थांब. मेजर, याची टोपी काढा."

भोंग्यानं हात पुढे केलाच नाही. ड्रायव्हरनं आत पाहिलं, बापाला पाहिलं. स्वतःच टोपी काढली, पट्टा सोडला आणि माझ्यावर अडकवला. त्याचा हात बोंडाला लागला. गार होता.

तोवर कचेरीतल्या कुणीतरी टेलिफोनच्या खोलीत कळवलं असावं. हॅलो आली. धावत नाही, पण मोठमोठी पावलं टाकत. आल्या आल्या तिनं आपली टोपी काढली आणि ड्रायव्हरच्या टोपीवरच अडकवली. मग पट्टा.

"अगं ए," भोंगा म्हणाला. "एका खुंटीला एकच टोपी. तुझं नंतर. तुला बोलावलेलं नाही."

"मेजर, लग्नाला दोघं लागतात. तो एकटाच कसा गुन्हेगार?"

"टेलिफोन सोडून आलीस?"

"दुसरीला बसवून आलेय. लाइन चालू आहे. तुमच्या घरून दोनदा फोन आला, दळण आणायचं राहिलंय म्हणून."

भोंगा बाजूला झाला. दोघं उघड्या डोक्यांनी आत गेली. त्या दोन टोप्यांचं ओझं एवढंसं, पण माझा खिळा भिंतीत हलला तो तेव्हाच.

आतलं फार लांबलं नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. ते थकल्या आवाजात म्हणाले, "विचारलं असतंत तर मी दिली असती परवानगी."

हॅलो म्हणाली, "साहेब, न विचारता करता यावं अशीच तर ही एक गोष्ट असते."

"वर्दीत नसते," साहेब म्हणाले, आणि शिक्षा वाचून दाखवली. ड्रायव्हरला कोठडी. हॅलोचं नाव कमी. गुन्हा तोच, तारीख तीच, खुंटीही एकच. पण त्याला कोठडी आणि तिला रस्ता. कारण नियम लिहिणाऱ्यांच्या मते शिपाई लग्नानंतरही शिपाईच असतो, आणि बाई लग्नानंतर बायको होते.

बाप खुर्चीतून उठला होता. "साहेब, मी नुसते कान पिळायला सांगितलं होतं."

"कान पिळायची शिक्षा नियमात नाही, हवालदार."

बाहेर आल्यावर भोंग्यानं तिची टोपी माझ्यावरून उचलली. "पोरी, ही स्टोअरला जमा करावी लागते." ती बरं म्हणाली, टोपीनं बसलेले केस बोटांनी मोकळे केले आणि निघून गेली. बाप जिन्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या बाजूनं गेली, त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिनं छावणीच्या भिंतीबाहेर खोली घेतली. एका दवाखान्यात फोन उचलायचं काम धरलं. ड्रायव्हर कोठडीतून सुटला, पण बराकीतच राहिला; नोकरीचा करार संपेपर्यंत त्याला सोडताही येत नव्हतं. रविवारी ती भेटायला यायची. पहारेकऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "नातं?"

"बायको."

"बायकांच्या यादीत नाव नाही तुमचं. मैत्रीण लिहू का?"

"लिही. नवऱ्याची मैत्रीण."

कारकून लोक हा किस्सा माझ्यासमोर चहा पिता पिता सांगायचे आणि हसायचे. पुढे तिला मुलगी झाली. ती पोरही रविवारी यायची, मैत्रिणीची मुलगी म्हणून. आपल्या बापाच्या घरी पोरगी पाहुणी. हसणारे तेव्हाही हसले.

ड्रायव्हरला पंचविसावं पूर्ण झालं. आता नियमाला काही अडचण नव्हती. साहेब नवीन आले होते. तो पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. टोपी घालून, पट्टा कसून. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. तो आत गेला, सॅल्यूट ठोकला.

"मुलगी कोण?" नव्या साहेबांनी विचारलं.

"माझी बायको, साहेब."

"बायकोशी लग्न करायची परवानगी कशी देऊ? परवानगी अविवाहितांना असते. तू विवाहित आहेस. त्याचीच तर शिक्षा झालीय तुला."

"मग बायको म्हणून तिचं नाव लावा, साहेब."

"परवानगीशिवाय केलेलं लग्न पलटण मानत नाही."

"मानत नाही, तर शिक्षा कशाची झाली?"

साहेबांनी यावर पेन खाली ठेवलं. तेही वाईट नव्हते. म्हणाले, "वर लिहितो." वर लिहितो म्हणजे काय, हे मला या भिंतीत इतकी वर्षं काढल्यावर कुणी सांगायला नको.

उत्तर आलं. आधी रीतसर सोडचिठ्ठी घ्यावी, मग अविवाहित म्हणून परवानगी मागावी, मग लग्न करावं. ड्रायव्हरचं म्हणणं पडलं, तिला विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. म्हणून साहेबांनी हॅलोला कचेरीत बोलावलं. ती माझ्याखालच्या बाकावर बसली. तिच्या पाठोपाठ बाप आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"सूनबाई," तो म्हणाला. "तेवढी सही करून टाक. कागदावरच सोडायचंय. महिन्याभरात परत लावू. क्वार्टर मिळेल, नात हक्कानं राहील. मीच सगळीकडे पाया पडून आलोय."

"काका," ती म्हणाली. मामंजी नाही, बाबा नाही. काका. "त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत ना? आणि आज मला खोटी सही करायला सांगताय."

"मी चुकलो म्हणतोय ना."

"म्हणालात. ऐकलं मी. पण तुमच्या चुकण्यानं माझी नोकरी परत येत नाही. आणि सोडलं म्हणून लिहिलं, तर माझी मुलगी मधल्या महिन्यात कुणाची?"

थोरांकडे पोरांच्या प्रश्नांना उत्तर नसतं तेव्हा ते डोळ्यांत पाणी आणतात. त्यानंही आणलं. ती उठून आत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "साहेब, मला नवरा सोडायचा नाही. तुम्हाला मानायचा नसेल तर नका मानू. आम्ही मानतो." आणि आली बाहेर.

मग वर्षं गेली. काही झालं नाही, एवढंच झालं. रविवार आले, भेटीचे पास आले, पोरगी उंच झाली. भोंगा निवृत्त झाला. जाताना माझ्यावर थाप मारून म्हणाला, "सांभाळ गं." काय सांभाळू?

ड्रायव्हरचा करार संपत आला तेव्हा कारकुनानं त्याला समजावलं. "अजून थोडा वाढवून घे. पेन्शन बसेल."

"मी मेल्यावर ती पेन्शन कुणाला देणार?"

"बायकोला."

"यादीत आहे का बायको?"

कारकून कागद चाळत राहिला.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हर वर्दी, टोपी, पट्टा स्टोअरला जमा करून साध्या सदऱ्यात साहेबांचा निरोप घ्यायला आला. दारावर नवा हवालदार-मेजर होता. डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही, हे पाहिल्यावर त्याचा हात सवयीनं माझ्याकडे आला. माझ्यावर काहीच नव्हतं. तो गोंधळला.

"काय केलंस रे?" त्यानं विचारलं.

"काही नाही, मेजर. घरी चाललोय."

मी एवढ्या वर्षांत उघडी डोकी पुष्कळ पाहिली. घरी निघालेलं ते एकच.

बापाचं विचाराल, तर त्याला मुलानं घरी बोलावलं की नाही मला ठाऊक नाही. बोलावलं नसेल तर बरं, असं मला वाटतं, आणि तसं वाटण्याची मला लाजही नाही.

आता कचेरीला रंग लावतायत. ऐकते की नियम बदललेत, लग्न केलं म्हणून बाईचं नाव आता कमी करत नाहीत. चांगलं झालं, हॅलोला कुणी कळवलं का, कोण जाणे. परवानगी मात्र अजून मागावी लागते, फक्त आता संगणकावर. टोपी-पट्ट्यासाठी बाकाखाली प्लॅस्टिकचा ट्रे आलाय. मी रिकामी आहे. रोज सकाळी रंगारी माझ्यावर आपला सदरा आणि जेवणाची पिशवी अडकवतो. पिशवी उबदार असते.

त्याला साहेबांनी सांगितलंय, खुंटी तशीच राहू दे, जुनी आहे, शोभा आहे, वरून एक हात मार.

बाबा रे, हात मारू नकोस. खिळा आधीच ढिला आहे, थोडं ओढलंस तर मी येईन हातात. भोक बुजवून टाक. मला घरी ने आणि चुलीत घाल. जून लाकूड आहे, चांगलं जळेल. तुझी बायको त्यावर चहा करेल, दोघं प्या. आजवर मी माणसांना बाहेर ताटकळतच ठेवलं. एकदा कुणाच्या तरी घरात, आतल्या खोलीत, कुणालाही न विचारता जाऊ दे मला.